आधी अर्थिंग, मग गाडी: मराठवाड्यात इलेक्ट्रिक कार वापरायची तर

नवी गाडी दारात आली, पेढे वाटून झाले, शेजारच्या काकूंनी हळदीकुंकू लावलं, आणि रात्री चार्जिंगला लावली तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा. कंपनीला फोन लावला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या घराला अर्थिंग नाही.’ अर्थिंग होतं की! पंधरा वर्षांपूर्वी घर बांधताना वायरमनने खड्डा खणून मीठ-कोळसा घातला होता. पण तो महिना मेचा. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातल्या कांबीपासून सुटते, आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. इतकी वर्षं फ्रिज, कूलर, मिक्सर मुकाट चालले, कारण त्यांनी कधी अर्थिंग तपासलंच नव्हतं. गाडीने पहिल्याच रात्री तपासलं. तीन दिवस नवीकोरी गाडी २२ टक्क्यांवर दारात उभी आणि मी कॉलेजला एसटीने.

मी लातूरला राहते. नोकरी औशाला, सासर अहमदपूरजवळच्या खेड्यात, माहेर नांदेडला. गाडीची बॅटरी ३० युनिटची. तीन उन्हाळे काढलेत. लोक विचारतात ते एकच, ‘ताई, किती पळते?’ खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, रात्री गाडी कुठे उभी राहते. दुसरा, तिथला प्लग कसा आहे. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बॅटरीची क्षमता ‘किलोवॅट-अवर’मध्ये सांगतात, म्हणजे आपल्या लाईटबिलावरचं युनिटच. ३० किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ३० युनिट. एवढं ध्यानात धरलं की बाकीचा हिशेब किती पिठात किती भाकरी होतात, इतकाच.

शोरूमला जाण्याआधी पंधरा दिवसांची वही

पंधरा दिवस रोज लिहून ठेवा: किती किलोमीटर झाले, कुठे गेलो, रात्री गाडी कुठे होती. सोबत आठवून लिहा, गेल्या वर्षात एका दमात दोनशेच्या पुढे किती वेळा गेलो. बहुतेकांची वही बघून त्यांनाच नवल वाटतं. ‘आमचं फिरणं फार’ म्हणणाऱ्यांचं रोजचं फिरणं चाळीस-पन्नास किलोमीटर निघतं.

घराला फाटक आहे, गाडी आत उभी राहते, तर पुढे वाचा. फ्लॅट असेल तर गाडी बुक करण्याआधी सोसायटीची परवानगी कागदावर घ्या आणि तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल ते वायरमनला दाखवून घ्या. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या आहे त्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, त्यासाठी वेगळं मीटर लागत नाही. कमिटीला बहुधा भीती वायरिंगची असते, ती वायरिंग चांगलं करूनच घालवावी. आणि घरी प्लगच नसेल, सगळी भिस्त रस्त्यावरच्या चार्जरवर असेल, तर पुण्या-मुंबईचं मला माहीत नाही, मराठवाड्यात माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. अजून दोन-तीन वर्षं थांबा.

बॅटरी किती मोठी घ्यावी? महिन्यातून एकदा तरी होणारा तुमचा सगळ्यात लांबचा एकेरी प्रवास घ्या, त्याला ५ ने भागा. उत्तर येईल तेवढ्या युनिटची बॅटरी असली की वाटेत थांबावं लागत नाही. माझं माहेर साधारण १४० किलोमीटर, म्हणजे २८ युनिट. ३० ची बॅटरी पुरते. लातूरहून दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याचं उत्तर पन्नासच्या पुढे जातं. मग एकतर महिंद्रा बीई ६ सारखी ५९ युनिटची गाडी घ्यायची, नाहीतर बीडला चहा-नाश्त्याला थांबून चार्जिंग करायचं मान्य करायचं. टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटची, पंच ईव्ही निघाली तेव्हा २५ आणि ३५ ची, विंडसर ३८ ची, क्रेटा इलेक्ट्रिक ४२ आणि ५१.४ ची. कॉमेट १७.३ ची, ती गावातल्या गावातच बरी.

जाहिरातीतल्या रेंजचं काय? २०२० ची ३०.२ युनिटची नेक्सॉन ईव्ही कागदावर ३१२ किलोमीटर जायची, म्हणजे युनिटला दहाच्या वर. आमच्या रस्त्यावर साडेसहा ते साडेसात मिळतात. कागदावरचा आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, संथ वेगात, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्याला दोन तृतीयांश करून घेतलं की आपल्या घरात बसतो.

घरची जोडणी, अगदी तारेपासून

या भागात घाई करू नका. गाडीवर दहा-पंधरा लाख घालणारी माणसं वायरवर दोन हजार वाचवायला बघतात, मीही पाहिले होते.

लाईटबिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार बघा. गाडीसोबत येणारा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर सुमारे ३.३ किलोवॅट ओढतो. तुमचा मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल तर गाडी येण्याआधी महावितरणकडे भार वाढवून घ्या, अर्ज ऑनलाईन होतो. गाडी आल्यावर करू म्हटलं की होत नाही.

मग मेन बोर्डापासून गाडीपर्यंत स्वतंत्र तार ओढा. गीझरच्या किंवा एसीच्या पॉइंटमधून फाटा काढू नका. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा दुसरा डबा गळती झाल्याबरोबर वीज तोडतो. पावसात भिजलेल्या हाताने प्लग काढणाऱ्या घरात तो हवाच.

प्लगपॉइंट साधा घेऊ नका. गीझर पंधरा मिनिटं चालतो, कूलरला करंट कमी लागतो. गाडी सलग नऊ-दहा तास पूर्ण जोराने ओढते. आमच्या पहिल्या बोर्डाचं पांढरं प्लास्टिक महिन्याभरात प्लगभोवती पिवळं पडलं, आणि एका रात्री वास आला तेव्हा कळलं. आता जाड पिनांचा औद्योगिक पद्धतीचा सॉकेट आहे. काहीही बसवा, पण पहिल्या दिवशी तासाभराने आणि नंतर महिन्यातून एकदा प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी स्विच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावच काढू नका.

आणि अर्थिंग. नवा खड्डा करून घ्या, जुन्यात मीठ ओतून भागवू नका. तांब्याची किंवा जस्त चढवलेली चांगली कांब आणि तिच्याभोवती बाजारात मिळणारी अर्थिंगची भुकटी. काम झाल्यावर वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा, एकदा गाडी न लावता आणि एकदा चार्जिंग चालू असताना. ते पाचच्या आत हवं, दोनच्या आत असेल तर छान. हेच मोजमाप दर मे महिन्यात परत करा, कारण पावसाळ्यात पास झालेलं अर्थिंग उन्हाळ्यात नापास होतं. खड्ड्यात ओल टिकवायची एक युक्ती आमच्या वायरमनची: एसीच्या पाण्याची नळी त्या खड्ड्यात सोडायची. ज्या शहराने २०१६ साली रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय, तिथे अर्थिंगला नळाचं पाणी घालायला हात धजत नाही, म्हणून ही युक्ती मला फार आवडली.

भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर? रोज दीडशे किलोमीटर चालवत असाल किंवा लाईट रात्री चार-पाच तासच नीट राहत असेल तर घ्या. त्याला तार ६ चौरस मिलिमीटरची लागते आणि मंजूर भारही तसा. बाकीच्यांना १५ अँपिअर पुरतं. रात्री दहाला लावली की सकाळी सहापर्यंत २४ युनिटच्या आसपास आत जातात, एवढे रोज लागतच नाहीत.

गावाकडची गोष्ट वेगळी. सासरी रात्री आठला व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर सुरूच होत नाही. गाव झोपलं, अकरा वाजले की सुधारतं. बऱ्याच गाड्यांत ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करायची सोय असते, ती लावून झोपा. काही गाड्यांत करंट कमी करता येतो, तोही करून बघा. हळू का होईना, चार्जिंग होतं. इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, तो बिचारा दोन पंखे आणि टीव्हीसाठी आहे. आणि शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नका, भले मीटर तुमच्याच नावावर असो. ती वीज शेतीच्या दराने दिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या चोरीच्या विजेबद्दल तर बोलायलाच नको.

बिलाचा खरा हिशेब

व्हॉट्सॲपवर ‘फक्त एक रुपयात एक किलोमीटर’ असं फिरतं. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मांडा. माझं महिन्याचं फिरणं सरासरी १,५०० किलोमीटर. युनिटला ७ धरले तर बॅटरीतून सुमारे २१५ युनिट जातात. पण चार्ज होताना उष्णतेत काही वीज वाया जाते, त्यामुळे मीटरवर ते २४० पडतात. ही दहा-बारा टक्क्यांची तूट विक्रेते सांगत नाहीत.

आता स्लॅब. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. आमच्या घराचे एरवीचे १४० युनिट. गाडीचे २४० त्यावर चढले की ३८० होतात. म्हणजे गाडीचे १६० युनिट मधल्या स्लॅबमध्ये आणि ८० त्यावरच्या महाग स्लॅबमध्ये. गाडीचा खर्च काढताना बिलाची सरासरी धरू नका. गाडीची युनिटं नेहमी वरच्या टोकाला बसतात, तिथला दर धरा. समजा ती सगळं धरून सरासरी १३ रुपयांना पडली, तर ३,१२० रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १५ देत असेल तर तेवढ्याच फिरण्याला १०० लिटर लागतं, दहा हजारांच्या वर. फरक मोठाच आहे, फक्त रुपयाला किलोमीटर नाही, दोन रुपयांना एक आहे.

गच्ची मोकळी असेल तर सोलर बसवल्यावर हिशेब पार बदलतो. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात, म्हणजे माझ्या गाडीला दोन किलोवॅट पुरतात, घरासकट तीन-सव्वातीन. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोलर आणि गाडी दोन्ही घ्यायचं मनात असेल तर सोलरचा अर्ज करताना गाडीची युनिटं धरूनच क्षमता ठरवा. नंतर वाढवायला परत सगळे कागद लागतात.

रस्त्यावरचा फास्ट चार्जर युनिटला वीसच्या आसपास पडतो, त्यात १८ टक्के जीएसटी. रोज तिथेच चार्ज करणाऱ्याने बचतीचा विषय काढू नये.

स्वतःची रेंज स्वतः काढा

पडद्यावर जे ‘अजून इतके किलोमीटर’ दिसतं, ती गाडीने मागच्या काही किलोमीटरवरून बांधलेली अटकळ असते. काल गावात हळू चालवली असेल तर आज हायवेवर ती फसवते. टक्केवारी आणि युनिट, या दोनच गोष्टींवर भरवसा ठेवा.

असं करा. एका रविवारी १०० टक्के भरा, ट्रिप मीटर शून्य करा. तुमच्या नेहमीच्या हायवेवर ८० च्या वेगाने जा, २० टक्क्यांच्या आसपास घरी पोचा. किलोमीटर भागिले वापरलेले युनिट. माझे ७ आले. तसंच दुसऱ्या रविवारी १०० च्या वेगाने, ५.८ आले. गावात, एसी लावून, साडेसात. हे तीन आकडे डॅशबोर्डच्या आत चिकटवून ठेवले आहेत. आमचे हे हसले होते, आता तेच आधी बघतात.

वेगाने एवढं का खाल्लं? हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दुप्पट होतो. पेट्रोलच्या गाडीतही हे होतं, पण तिथे इंजिनातच इतकं इंधन उष्णतेत जातं की हा फरक लपतो. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे. तिथे पेट्रोलवाल्यांच्या रांगेत पळालात तर जालन्यालाच चार्जर शोधाल. ९० वर चालवा, डावी लेन पकडा, मान खाली घालायची गरज नाही.

चढाचं गणित तर कुणीच सांगत नाही. माणसांसकट सतराशे किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला साधारण अर्धं युनिट लागतं. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेड खाली गोदाकाठी. जाताना गाडी खुशीत असते, येताना युनिटभर जास्त मागते. म्हणजे सहा-सात किलोमीटर कमी. उतारावर रीजन, म्हणजे ब्रेक मारताना मोटरने उलट बॅटरी भरणं, त्यातलं बरंच परत देतं, सगळं नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना मात्र रीजन जवळजवळ मिळत नाही, आणि सवयीने पाय सोडला तर गाडी वेगळी वाटते. पहिल्या दिवशी बावचळायला होतं.

वारं विसरू नका. जून-जुलैत पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर बार्शीकडे जाताना माझे ७ चे ६ होतात. आणि टायरमधली हवा! दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना तपासा. यापेक्षा स्वस्त रेंज कुठे मिळत नाही.

माहेरची वाट: एक प्रवास मांडून दाखवते

लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. साधारण १४० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ३६१. ८० च्या वेगाने २० युनिट. १०० टक्क्यांवर निघाले तर ३३ टक्क्यांच्या आसपास पोचते. आईकडे रात्री १५ अँपिअरच्या प्लगवर लावली की सात तासांत नव्वदीच्या पुढे. येताना २१ युनिट धरून निघते. वाटेत एकदाही थांबत नाही. म्हणजे या प्रवासासाठी मला फास्ट चार्जर नको, आईच्या घरचं अर्थिंग हवं होतं. गाडी घेतल्यावर महिन्याभरात मी ते करून घेतलं. सासरचंही. जिथे तुम्ही महिन्यातून एकदा मुक्काम करता तिथला एक प्लग नीट करून घेणं, हे शंभर सरकारी चार्जरांपेक्षा कामाचं.

रात्री मुक्काम नसेल, सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं असेल, तर फास्ट चार्जर आलाच. त्यासाठी माझी शिस्त अशी. घरूनच तीन-चार ॲप घेऊन ठेवायचे, टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, आणि त्यांच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे. मोंढ्याच्या बाजूला नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघणं मी करून बसलेय. नकाशावर ‘उपलब्ध’ दिसलं तरी पंपावर फोन करायचा आणि विचारायचं, ‘आज सकाळपासून कुणी गाडी चार्ज केली का?’ ‘चालू आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. एकदा मी ७ टक्क्यांवर पोचले तर चार्जरला लाईट होती, स्क्रीन लागत होती, बंदूक, म्हणजे गाडीत खुपसायचा केबलचा दांडा, तीही होती, फक्त त्यात वीज येत नव्हती. तेव्हापासून नियम: पहिल्या चार्जरला पोचताना दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढी बॅटरी शिल्लक हवी. आमच्याकडे दोन चार्जरांमधलं अंतर बघता हे २५ टक्के होतात.

चार्जरवर ६० किंवा १२० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी तुमची गाडी जेवढं घेते तेवढंच घेते. लहान बॅटरीच्या गाड्या पंचवीस-तीसच्या पुढे जात नाहीत. शेजारी दुसरी गाडी लागली की काही चार्जर वीज वाटून देतात. ८० टक्क्यांपर्यंत भरभर, नंतर संथ. म्हणून ८० झाले की निघा, मागे कुणी उभं असेल तर नक्कीच निघा.

आणि अगदीच अडलात तर? वेल्डिंगचं दुकान शोधा. किंवा दालमिल, आटा चक्की, मोठा ढाबा. वेल्डिंगवाल्याकडे लोड असतो, जाड तार असते आणि बहुधा अर्थिंगही. नम्रपणे सांगा, शंभर-दोनशे रुपये द्या. तासाभरात तीन युनिट, म्हणजे वीस किलोमीटर. चाकूरजवळ अशा एका दुकानात मला चहाही मिळाला आणि ‘ही गाडी बैलगाडीसारखी गुपचूप येते’ अशी तक्रारही.

टोलचं थोडक्यात: राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे. राष्ट्रीय महामार्गावर नेहमीसारखा कापला जातो.

उन्हाळा, पाऊस, येळवस

४३ अंशांत बॅटरी मरते का, हा इथला नेहमीचा प्रश्न. बॅटरीला पाण्यासारख्या द्रवाने थंड करणारी यंत्रणा बहुतेक चारचाकी गाड्यांत असते, स्वस्त मॉडेल घेताना ती आहे ना एवढं विचारा. दुपारी लांबून आल्या आल्या फास्ट चार्जरला लावली की गाडी वेग आपोआप कमी करते. ती स्वतःला जपतेय, बिघडलेली नाही. घरी आल्यावर तास-दीड तास थांबा, रात्री लावा. ९५-१०० टक्के भरून भर उन्हात चार दिवस उभी ठेवू नका. गावाला जाताना ५० टक्क्यांवर, सावलीत. एसीने माझी रेंज हायवेवर सात-आठ टक्क्यांनी घटते, पण गावात ट्रॅफिकमध्ये जास्त, कारण गाडी उभी असली तरी एसी चालूच असतो. निघण्याआधी चार्जरला लावलेल्या अवस्थेतच ॲपवरून एसी सुरू केला तर गार करण्याचा खर्च बॅटरीवर पडत नाही.

पावसाचं जरा गंभीर. बॅटरीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं; त्याचा अर्थ एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात अर्धा तास ती तग धरते. मांजरेच्या पुलावरून वाहणारं पाणी स्थिर नसतं. इंजिन नाही, हवा ओढायची नळी नाही, म्हणून गाडी बंद पडत नाही हे खरं, पण वाहून जाते. सप्टेंबर २०२५ चा पूर ज्यांनी धाराशिव-बीडकडे पाहिला त्यांना हे सांगायला नको. पाण्यात अर्धी बुडालेली गाडी नंतर चार्जिंगला लावू नका, सुरूही करू नका, आधी तपासून घ्या.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात जेवायचा आमच्याकडचा सण, आमची गाडी शेतात जाते. आंबिलाचं मडकं, भज्जीची पातेली, चार मोठे, तीन पोरं. काळ्या मातीच्या गाडीवाटेवर पोट घासू नये म्हणून मी मधल्या उंचवट्यावर एक चाक ठेवून हळू नेते. बॅटरीचा पत्रा नेमका खालीच असतो, त्याला मोठा दगड लागला तर खर्चही मोठा.

काय बिघडतं, काय नाही

लोकांना भीती मोठ्या बॅटरीची. तिची वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. ती हळूहळू उतरते, पहिल्या वर्षी जरा जास्त दिसतं, मग संथ. तुमची बॅटरी कोणत्या रसायनाची, ते मात्र माहीत हवं. लिथियम बॅटरीचे इथे दोन प्रकार दिसतात, एलएफपी आणि एनएमसी. टाटाच्या गाड्यांत बहुधा एलएफपी असते, महिंद्राच्या एक्सयूव्ही ४०० मध्ये एनएमसी. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली बरी. एलएफपी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा घरच्या हळू चार्जरवर पूर्ण १०० भरून थोडा वेळ तशीच राहू द्यावी. कारण तिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे गाडीला नेमके किती टक्के उरलेत ते कळेनासं होतं. वरच्या टोकाला पोचली की तिचा हिशेब परत जुळतो. हे न केल्यामुळे १८ टक्क्यांवरून एकदम ९ झालेली गाडी मी चालवलेली आहे, माझीच.

मला रस्त्यात उभं केलं ते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीने. दिवे, पडदा, कुलूप आणि मुख्य बॅटरी जोडणारा स्विच, सगळं तिच्यावर. ती मेली की मोठ्या बॅटरीत २५ युनिट असूनही गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. अडीच-तीन वर्षांनी ती तपासून घ्या, गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर विशेष. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तिथेच जंप-स्टार्ट करा. नारिंगी रंगाच्या जाड तारांना मात्र कुणीही, अगदी तुमचा भरवशाचा मेकॅनिकही, हात लावणार नाही हे बघा. नारिंगी म्हणजे जीवघेणं व्होल्टेज.

बाकी तक्रारी सॉफ्टवेअरच्या. पडदा काळा होणं, चार्जिंग मधेच तुटणं, बंदूक सॉकेटात अडकणं. बंदूक अडकली तर ओढाताण न करता गाडी लॉक-अनलॉक करा. तेही जमलं नाही तर डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने सोडवायची दोरी बहुतेक गाड्यांत असते, ती कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. सुगीनंतर घरात येणारे उंदीर वायरी कुरतडतात, तेवढं पेट्रोलच्या गाडीसारखंच. ब्रेक पॅड मात्र वर्षानुवर्षं टिकतात. टायर लवकर झिजतात, वजनामुळे आणि सुरुवातीच्या जोरामुळे.

खरी अडचण सर्व्हिसची. हाय-व्होल्टेजचं काम शिकलेला माणूस प्रत्येक तालुक्याला नाही. गाडी घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा, बॅटरी उघडायची वेळ आली तर काम इथेच होतं की गाडी पुण्याला जाते? माझी एकदा अकरा दिवस तिकडेच होती. दर सर्व्हिसला बॅटरीची ‘स्टेट ऑफ हेल्थ’, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत किती क्षमता उरलीय ते, लेखी मागा आणि कागद जपून ठेवा. वॉरंटीचा वाद झाला तर, आणि पुढे गाडी विकायला काढली तरी, तोच दाखला. जुनी गाडी घेत असाल तर तो कागद बघितल्याशिवाय किमतीवर बोलू नका.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्क्यांनी कमी आहे. ती बचत बॅटरी आणि चार्जरच्या जादा संरक्षणावर घाला, पाणी शिरल्याचं नुकसान त्यात आहे का ते वाचून. आणि रस्त्यावरची मदत मागवताना फोनवर पहिलंच वाक्य असं बोला: ‘गाडी इलेक्ट्रिक आहे, सपाट ट्रॉलीचा ट्रक पाठवा.’ चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायला आलेल्या माणसाला हात लावू देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते, आणि ती वीज कुठे जाईल हे त्या क्रेनवाल्याला माहीत नसतं.